कोहरा (दाट धुकं) पडायच्या आधी : दर हिवाळ्यातलं नैराश्य आणि मोजक्या सेशनची थेरपी

लष्करवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. थंडीच्या धाग्यावर मी सहज लिहून गेले की डिसेंबर-जानेवारीत मला नैराश्य येतं आणि त्यासाठी मी ठरावीक मुदतीची थेरपी घेतली. त्यावर इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा वेगळा धागा काढलेला बरा.

मी डॉक्टर नाही. बँकेत नोकरी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाड, घरात सासूबाई, नवरा आणि कॉलेजातला मुलगा. दिवाळीपर्यंत मी ठणठणीत असते. फराळ, पाहुणे, भाऊबीज, सगळं रेटते. मार्गशीर्ष लागला की उतरण सुरू. नऊ-दहा तास झोपूनही उठवत नाही. भूक जात नाही, उलट वाढते, आणि तीही गोडाचीच. गजकाचा (तीळगुळाच्या मिठाईचा) डबा कधी रिकामा झाला ते कळत नाही. हातपाय शिसं भरल्यासारखे जड. फोन वाजला तरी उचलावासा वाटत नाही. तानसेन समारोह होऊन जातो, मेळा सुरू होतो, घरचे जाऊन येतात आणि मी "डोकं दुखतंय" म्हणून घरी. फेब्रुवारीत ऊन जरा चटका द्यायला लागलं की हळूहळू माणसात येते. सासूबाई म्हणायच्या, "थंडीत रजईतून कुणालाच निघवत नाही गं, तुझं काय वेगळं?"

वेगळं हे की इतरांना निघवत नसलं तरी ते निघतात. मी रजा टाकायचे.

शेवटी नवऱ्याने आग्रह धरून मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन तपासून घेतलं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी भरून घेतली (० ते २७ गुण असतात, १० किंवा जास्त आले की दखल घ्यायची). मग तीन वाटा सांगितल्या : गोळ्या, सकाळचा प्रखर दिवा, नाहीतर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्ही बाजूंनी काम करणारी छोट्या मुदतीची थेरपी. मी तिसरी निवडली. कारण सरळ होतं. दर साली तेच होणार असेल तर दर साली उपयोगी पडेल असं काहीतरी मला शिकून घ्यायचं होतं.

थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं की हे वर्षानुवर्षं चालणार नाही. सुरुवात आणि शेवट ठरलेला, मधे दर वेळी घरचा अभ्यास. मला वाटलं होतं लहानपणापासूनचं सगळं उकरतील. त्यांनी वही काढायला लावली.

वहीत रकाने. काय घडलं, मनात कुठलं वाक्य आलं, त्यावर किती टक्के विश्वास बसला, बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. माझं वाक्य रोज एकच असायचं. सकाळी खिडकी उघडली, समोरची गल्ली कोहऱ्यात गडप झालेली दिसली की : "झालं, आता फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडून काही होणार नाही." बाई म्हणाल्या, गेल्या जानेवारीत काहीच झालं नाही? मी म्हटलं, नाही. मग एकेक खोदून विचारत गेल्या. डिसेंबरअखेरचं तिमाही क्लोजिंग कुणी केलं? मी. संक्रांतीच्या वड्या? मीच, पण रडत रडत. मुलाच्या बोर्डाच्या वर्षी रात्री त्याच्यासोबत कोण बसलं होतं? तेही मीच. "मग 'काहीच' कुठून आलं?" खरं सांगते, मला भयंकर राग आला होता. घरी आल्यावर मात्र ते वाक्य पुन्हा पूर्वीच्या जोरात म्हणता येईना.

दुसरा भाग वागणुकीचा, आणि माझ्या मते खरा फरक तिथे पडला. एप्रिल ते ऑक्टोबर मी काय-काय करते याची त्यांनी यादी करायला लावली. संध्याकाळचं फिरणं, गच्चीवरच्या गप्पा, फूलबागेत चक्कर, रात्री बाड्यावर (आमच्या मुख्य चौकात) कुल्फी. सगळ्याच गोष्टी उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या! थंडी पडली की यादीतलं एकेक गळतं आणि त्या जागी काहीच येत नाही, उरते फक्त रजई. मग हिवाळ्यातच करता येईल असं शोधायचं. बँकेतला जेवणाचा डबा वरच्या उन्हात बसून खायचा. रविवारी दुपारी मेळ्यात जायचं, संध्याकाळी नको. आणि जायच्या आधी "किती बरं वाटेल" याचा दहापैकी आकडा लिहायचा, आल्यावर खरा आकडा लिहायचा.

शेजारच्या हळदीकुंकवाला पंधरा मिनिटंच बसायचं ठरवून गेले. आधी लिहिलं होतं १. परत येऊन ५ लिहिला. पाचच, आठ नव्हे. पण माझ्या मनाचा अंदाज दर वेळी खालच्या बाजूला चुकतो हे त्या वहीतून दिसत गेलं.

शेवटच्या भेटींमध्ये पुढच्या हिवाळ्याचा कागद बनवला. पहिली लक्षणं कुठली (माझं : गजर बंद करून पुन्हा झोपणं, आणि बहिणीचा फोन न उचलणं), ती दिसली की त्याच आठवड्यात काय करायचं, कुणाला सांगायचं. कोजागिरीलाच तो कागद बाहेर काढायचा. हिवाळा मला आवडायला लागलाय असं म्हणणार नाही. जड दिवस येतात. पण त्यानंतरच्या हिवाळ्यांत त्यासाठी रजा टाकावी लागलेली नाही.

आता तुम्ही सांगा.

गजक_मास्टर

ताई, तुमच्या अनुभवाबद्दल शंका नाही. पण जरा वाकडा प्रश्न विचारतो. हा आजार स्वीडन-नॉर्वेवाल्यांचा. ग्वाल्हेर २६ अक्षांशावर. ऐन डिसेंबरातही आपल्याकडे साडेदहा तासांचा दिवस असतो. आणि २०१६ साली अमेरिकेत चौतीस हजारांवर लोकांच्या पाहणीवरून एक लेख आला होता, त्यात नैराश्याचा ऋतूशी, अक्षांशाशी किंवा उन्हाशी काही संबंधच सापडला नाही. मग हे खरंच हिवाळ्याचं नैराश्य की साधं नैराश्य, ज्यावर आपण हिवाळ्याचं लेबल लावतो?

शिंद्यांची_छावणी

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पहाटे पाचला उठून किल्ल्यावर चालत जायचं, उरवाई गेटने वर, परत येताना गरम बेडई. अंगात कशाला येईल नैराश्य. मुलींनो, उठा आणि चाला.

लष्करवाली

@छावणी काका, चालणं माझ्या यादीत आहेच. फक्त पहाटे पाचला कोहऱ्यात नाही, नऊनंतर उजेडात. आणि काका, उठवतच नाही हाच तर आजार. उठता आलं असतं तर बाईंकडे कशाला गेले असते? :)

@गजक_मास्टर, तुमचा प्रश्न माझ्या कुवतीबाहेरचा. धन्वंतरी_नव्हे आहेत का इथे?

धन्वंतरी_नव्हे

आहे. मूळचा दौलतगंजचा, गजरा राजा मेडिकल कॉलेजात शिकलो, आता पुण्यात मनोविकार विभागात काम करतो. दोन्ही बाजूंचं सांगतो.

१९८४ साली नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २९ रुग्णांचं वर्णन छापलं, तिथून 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' हे नाव रूढ झालं. त्याआधी १९८० मध्ये आल्फ्रेड लुई यांच्या गटाने दाखवलं होतं की पुरेसा प्रखर प्रकाश माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन (झोपेशी जोडलेलं संप्रेरक) दाबतो. घरातल्या साध्या दिव्यांनी ते फारसं होत नाही. त्यातून प्रकाशाचा उपचार निघाला.

आजच्या वर्गीकरणात हा स्वतंत्र आजार नाही. वारंवार येणारं नैराश्य, आणि त्याला "ऋतूनुसार येणारं" असं विशेषण. अटी कडक आहेत. निदान सलग दोन वर्षं ठरावीक ऋतूत यावं, ठरावीक ऋतूत पूर्ण जावं, त्या दोन वर्षांत अवेळी येऊ नये, आणि आयुष्यभराचा हिशेब काढला तरी ऋतूतले झटके बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त असावेत. शिवाय दर वर्षी त्याच सुमाराला येणारं एखादं ठळक कारण असेल, समजा दर हिवाळ्यात काम सुटतं, तर ते यात धरत नाहीत.

गजक_मास्टर म्हणतात तो लेख खराच आहे. पण ती पाहणी सर्वसाधारण लोकसंख्येची होती, गेल्या दोन आठवड्यांतल्या लक्षणांवर. एकाच माणसाला वर्षानुवर्षं पाहिलेलं नव्हतं. थोड्याच लोकांना होणारी गोष्ट सरासरीत बुडून जाते. तरी त्या लेखाने एक चांगलं काम केलं : हिवाळ्यात जरा उदास वाटलं की लगेच हे लेबल लावू नये.

अक्षांशाचं म्हणाल तर दिवसाची लांबी एक गोष्ट आणि डोळ्यांपर्यंत पोचणारा उजेड दुसरी. ग्वाल्हेरच्या जानेवारीत कोहरा दुपारपर्यंत उठत नाही असे दिवस लागोपाठ येतात. लष्करच्या गल्ल्यांत तळमजल्यावरच्या घरात तसाही उजेड कमी. घरातल्या ट्यूबलाइटखाली काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक), ढगाळ आकाशाखाली उघड्यावर उभं राहिलात तरी काही हजार.

आता थेरपीचं. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांनी खास हिवाळी नैराश्यासाठी सीबीटीचा कार्यक्रम बेतला. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, छोट्या गटात. त्यांच्याकडे डिसेंबरात दिवस नऊ तासांहूनही लहान. १७७ जणांवर तुलना केली : निम्म्यांना ही थेरपी, निम्म्यांना सकाळी १०,००० लक्सचा दिवा. २०१५ मध्ये निकाल छापला तेव्हा सहा आठवड्यांअंती दोन्ही सारखेच. पुढच्या हिवाळ्यातही फारसा फरक नाही. फरक दिसला दुसऱ्या हिवाळ्यात. थेरपीवाल्यांपैकी २७.३ टक्के लोकांना नैराश्य परत आलं, दिव्यावाल्यांपैकी ४५.६ टक्के लोकांना.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. दिवा लावतो तोवर काम करतो, आणि दर हिवाळ्यात रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचा कंटाळा बहुतेकांना येतो. वहीची सवय मात्र टिकते. लष्करवालीताईंनी तोच मुद्दा स्वतःहून पकडला.

तंबोरा

मी उलट बाजू मांडतो, नाहीतर इथे सगळे वही घ्यायला पळतील.

मी गाणं शिकवतो. ग्वाल्हेरात गाणाऱ्याने "हिवाळ्यात रियाज होत नाही" म्हणणं म्हणजे घराण्याला बट्टाच. पण माझा नोव्हेंबरनंतर सा लागत नाही. गळ्याला काही झालेलं नसतं, मांडी घालून बसायची इच्छाच मरते. शिष्य येतात, मी त्यांना पलटे द्यायचो आणि आत जाऊन पडायचो.

मीही थेरपीच आधी घेतली. भर जानेवारीत सुरू केली. वही दिली, रकाने दिले. एक ओळ लिहायला अर्धा तास लागायचा, आणि लिहून झालं नाही म्हणून स्वतःवरच चिडायचो. चांगल्या होत्या बाई, त्यांनीच चार भेटींनंतर थांबवलं आणि म्हणाल्या, आधी डॉक्टरांकडून गोळी सुरू करा, मग आपण पुढे जाऊ. गोळीने महिनाभरात डोकं जरा वर आलं, तेव्हा कुठे त्या वहीचा उपयोग सुरू झाला. त्यामुळे थेरपी की गोळी असा सामना लावू नका. माझ्यासारख्याला गोळीशिवाय थेरपीच्या दारातही जाता येत नव्हतं.

आणखी एक. माझ्या थेरपिस्ट बाई हिंदीभाषक. मी सुरुवातीला सगळं हिंदीत लिहायचो आणि ते शाळेतल्या निबंधासारखं व्हायचं. त्यांनीच सांगितलं, तुमच्या डोक्यात जे मराठीत येतं ते मराठीतच लिहा, मला वाचून दाखवा, अर्थ सांगा. मग खरी वाक्यं बाहेर यायला लागली. त्यांतलं एक वडिलांचं निघालं, ते इथे लिहीत नाही.

धन्वंतरी_नव्हे

@तंबोरा, +१. नैराश्य खोल असेल तर अशी थेरपी एकटी अपुरी पडते. एक माहितीची भर : बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाच्या, हळूहळू शरीरात उतरणाऱ्या गोळीला अमेरिकेत २००६ साली हिवाळी नैराश्य *टाळण्यासाठी* मान्यता मिळाली. म्हणजे लक्षणं यायच्या आधी, शरदातच सुरू करायची. सगळ्यांना चालत नाही, फिट्सचा इतिहास असेल तर अजिबात नाही. डॉक्टरांशी बोलूनच.

उलटा_ऋतू

मला मे-जूनमध्ये होतं. हसू नका. पारा पंचेचाळिशी गाठतो, लू सुटते, कूलर घरघरतो आणि मी रात्र रात्र जागी. जेवण जात नाही, वजन उतरतं, सगळ्यांवर खेकसते. पहिला मोठा पाऊस पडला की बरी. हे यात बसतं का, की माझा स्वभावच तसा?

धन्वंतरी_नव्हे

हसण्यासारखं काही नाही, उन्हाळी प्रकार आहे आणि त्याची नोंदही जुनी आहे. हिवाळ्यात झोप आणि भूक वाढते, उन्हाळ्यात दोन्ही कमी होतात आणि चिडचिड, अस्वस्थता जास्त. त्याच्यावर प्रखर दिव्याचा उपयोग नाही. थेरपीचा सांगाडा तोच राहतो, फक्त यादी उलटी : उन्हाळ्याच्या सकाळी सहा ते आठ या वेळेत काय करता येईल, रात्रीची झोप कशी वाचवायची.

पण तुम्हाला एक प्रश्न विचारतो, इथे उत्तर नका देऊ. वर्षाच्या दुसऱ्या कुठल्या काळात झोप कमी, उत्साह भरमसाट, खर्च अनावर असं होतं का? होत असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. द्विध्रुवी (बायपोलर) आजारातही ऋतूचा ठसा दिसतो, आणि तिथे नुसती नैराश्याची गोळी किंवा दिवा उलटू शकतो.

माधवगंज_चौक

सगळं छान आहे हो, पण पैसे? खाजगी थेरपिस्टची एका भेटीची फी ऐकून माझं नैराश्य वाढलं. आणि मानसिक आरोग्यशाळेत (आपल्याकडच्या मनोरुग्णालयात) जा म्हणाल तर आमच्या गल्लीत त्या नावावर अजून विनोद होतात. "तुझी जागा तिकडे" हे लहानपणापासून ऐकलंय. तिथल्या ओपीडीच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसलं तर लग्नं मोडतील घरातली.

लष्करवाली

ओळखीचं कुणी दिसलं तर तेही रांगेतच उभं असेल ना, अगं! माझी चुलतसासू तिथल्या ओपीडीत अनेक वर्षं गोळ्यांसाठी जात होत्या, आम्हाला पत्ता नव्हता. १९३५ सालची संस्था आहे, नाव ऐकून दचकायची सवय आपली. नाहीतर जयारोग्य रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे. तिथून डोळ्यांच्या ओपीडीलाही जाता येतं, कुणी विचारलं तर चष्म्याचा नंबर सांग.

बाहेरचं कुणी निवडलंस तर "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" असल्याचा नुसता बोर्ड पाहू नकोस, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का ते विचार. चांगला माणूस विचारल्याचा राग मानत नाही. आणि पहिल्याच भेटीत विचार, साधारण किती भेटी लागतील आणि घरी काय करायचं असेल. "बघू, येत राहा" असं उत्तर आलं तर मी उठून आले असते.

धन्वंतरी_नव्हे

पैशांच्या मुद्द्यावर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते. त्यावर पूर्ण थेरपी होत नाही, पण कुठे जायचं ते कळतं आणि वाईट रात्री कुणाशी तरी बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर हा धागा वाचत बसू नका, तो फोन करा आणि घरातल्या एकाला जागं करा.

दुसरं, सगळं काम तज्ज्ञानेच करायला हवं असंही नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि संगत संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम करून पाहिला. त्यात मुख्य भर ताई म्हणतात तसा वागणुकीवरच, म्हणजे बंद पडलेल्या गोष्टी थोड्या थोड्या सुरू करणं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं : तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर, नेहमीच्याच उपचारावर असलेल्यांत ३९ टक्के. तो ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचा अभ्यास नव्हता, बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याचा होता. पण पुढे आपल्याच मध्य प्रदेशात, सीहोर जिल्ह्यात, आशा कार्यकर्त्यांना तो शिकवण्याचं काम झालं. म्हणजे आपल्या मातीत हे परकं नाही.

गजक_मास्टर

माझी शंका बरीचशी मिटली. एक उरलीये. माझ्या बायकोचे वडील १४ जानेवारीला गेले. तिला दर संक्रांतीला खूप त्रास होतो, तिळगूळ हातात घेतला की रडू. मी ते इथे धरून चाललो होतो. डॉक्टरांच्या अटीनुसार हे बसत नाही ना?

धन्वंतरी_नव्हे

बहुधा नाही. ते वर्षश्राद्धाच्या आसपास येणारं दुःख आहे, आणि काही दिवसांत ओसरत असेल तर आजारही नाही. महिनोन्‌महिने टिकत असेल तर दाखवा. तिथेही छोट्या मुदतीच्या भेटी उपयोगी पडतात, पण काम वेगळं असतं. विचारांचे रकाने भरण्यापेक्षा त्या माणसाबद्दल बोलणं जास्त.

शिंद्यांची_छावणी

वाचतोय सगळं. गजक_मास्टर, सूनबाईंना संक्रांतीला आमच्याकडे घेऊन या. आमच्या हिलाही जानेवारी जड जातो, कधी बोलली नाही. काल हा धागा तिला वाचून दाखवला तर म्हणाली, "मला ते दिव्याचं विचारा." तर डॉक्टरसाहेब, तो दिवा टीव्ही बघताना चालतो का? आणि तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

धन्वंतरी_नव्हे

काका, टीव्ही, पेपर, चहा, सगळं चालतं. उठल्यापासून पहिल्या तासात, साधारण अर्धा तास, डोळे उघडे पण दिव्याकडे टक लावून नाही. खोक्यावर १०,००० लक्स लिहिलेलं असतं ते ठरावीक अंतरावरचं असतं, बहुतेक दिवे हातभर अंतरावर ठेवावे लागतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून उपयोग नाही. अतिनील किरण गाळणारा असावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याने अडत नाही, पण डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा मधुमेह असेल तर आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा. काकूंना मधुमेह आहे का?

शिंद्यांची_छावणी

आहे. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो, मग कळवतो.